विमानाच्या बोल्टला टॉर्क किती द्यायचा? तक्ता, नायलॉन नट, क्रोफूट आणि तेलकट आटे

कराड_रनवे

नमस्कार मंडळी. विमान मेंटेनन्स लायसन्सच्या परीक्षेच्या मॉड्यूल ७ चा अभ्यास चाललाय आणि एका साध्या जोडाला टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, किती द्यायचा यावर गाडी अडली आहे. दोन धातूचे ब्रॅकेट, त्यांतून एएन४-७ए बोल्ट, नटाखाली एएन९६० वॉशर, त्यावर एएन३६५ नायलॉनचा सेल्फ-लॉकिंग नट. मॅन्युअलमध्ये या जोडाला वेगळा आकडा नाही, 'स्टँडर्ड टॉर्क' एवढंच लिहिलंय. एसी ४३.१३-१बी (अमेरिकेच्या एफएएचं दुरुस्ती-पद्धतींचं पुस्तक) च्या सातव्या प्रकरणातल्या तक्त्यात १/४-२८ (पाव इंच व्यास, इंचाला २८ आटे) समोर ५० ते ७० इंच-पाउंड आहे.

प्रश्न असे:
१) ५०, ६० की ७०?
२) नायलॉनमुळे नट मोकळा असतानाही जड फिरतो. तो जोर या आकड्यात आला की वेगळा मिळवायचा?
३) सॉकेट बसत नाही, क्रोफूट (रेंचच्या ड्राइव्हला पुढे जोडायचा उघड्या तोंडाचा पाना) लावावा लागेल. मग रेंचवर काय लावायचं?
४) आटे थोडे तेलकट असले तर चालतं का?

चार जणांना विचारलं, पाच उत्तरं आली.

आवळ_जपून

क्रम आधी पक्का करा. पहिलं त्या विमानाचं मेंटेनन्स मॅन्युअल, त्या कामाच्या पानावरचा आकडा. इंजिन, प्रोपेलर किंवा एखादा कॉम्पोनंट असेल तर त्याच्या निर्मात्याचं मॅन्युअल आणि लागू असलेल्या सर्व्हिस बुलेटिन. तिथं नसेल तर त्याच मॅन्युअलचं चॅप्टर २०, म्हणजे स्टँडर्ड प्रॅक्टिसेस. तिथंही काही नसेल तेव्हाच ४३.१३ चा तक्ता. बरेच जण उलट्या टोकानं सुरू करतात कारण तक्ता फोनमध्ये असतो. तुमच्या मॅन्युअलात 'स्टँडर्ड टॉर्क' लिहिलंय म्हणजे बहुतेक त्याच मॅन्युअलात स्टँडर्ड तक्ताही असणार. तो शोधा. त्यातला आकडा ४३.१३ पेक्षा वेगळा निघाला तर मॅन्युअलचाच धरायचा, चर्चा नाही.

आता ५०-७० बद्दल. हा आकडा टेन्शन नटाचा आहे, म्हणजे एएन३१० किंवा एएन३६५ सारख्या पूर्ण उंचीच्या नटाचा. तोच बोल्ट, पण वर एएन३२० किंवा एएन३६४ असा बुटका शिअर नट असेल तर १/४-२८ ला ३० ते ४० च. बाकीचे नेहमी लागणारे:

१०-३२ : टेन्शन २० ते २५, शिअर १२ ते १५
५/१६-२४ : टेन्शन १०० ते १४०, शिअर ६० ते ८५
३/८-२४ : टेन्शन १६० ते १९०, शिअर ९५ ते ११०

सगळे इंच-पाउंड. म्हणून तक्ता उघडण्याआधी नट ओळखा. बुटक्या नटात आटे कमी असतात, त्याला ७० दिले तर बोल्ट शाबूत राहील आणि नटाचे आटे सोलून निघतील.

हे आकडे कॅडमियम प्लेटिंगच्या स्टील बोल्टचे, आटे स्वच्छ आणि कोरडे धरून दिलेले आहेत. तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर इथंच येतं. मॅन्युअल तेल लावा म्हणत नसेल तर तेल पुसायचं.

मिरज_मेकॅनिक

एवढं काय राव त्या तेलाचं? आमच्याकडं गाडीचा बोल्ट कोरडा आवळला की किरकिरतोय, पुढच्या वेळी सुटत नाय. थेंबभर टाकलं की नट कसा मस्त पळतोय. ६० म्हणजे ६०, रेंच क्लिक झाला की झालं.

आवळ_जपून

भाऊ, नट पळतोय हीच तर अडचण आहे. रेंच फक्त पिळायला लागलेला जोर मोजतो, बोल्ट किती ताणला गेला ते त्याला कळत नाही. आणि आपल्याला हवा असतो तो ताण. ढोबळ हिशोब असा की शंभरातला पन्नासेक भाग नटाखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतो दहाएक. तेल टाकलं की घर्षण खाली येतं आणि ते वाचलेलं सगळं त्या दहाच्या बाजूला सरकतं.

आकड्यात: टॉर्क = के (घर्षणाचा आकडा) × व्यास × ताण. कोरड्या स्टीलला के साधारण ०.२ धरतात, तेल लावलेल्याला ०.१५ च्या आसपास. १/४ इंची बोल्ट, ६० इंच-पाउंड. कोरडा: ६० ÷ (०.२ × ०.२५) = १२०० पाउंड ताण. तेलकट: ६० ÷ (०.१५ × ०.२५) = १६०० पाउंड. रेंचचा क्लिक तोच, ताण एक तृतीयांश जास्त. के हा अंदाजी आकडा आहे, प्लेटिंग आणि पृष्ठभागाप्रमाणे बदलतो, पण दिशा हीच राहते.

आणि याची उलटी बाजूही आहे. जिथं मॅन्युअल वंगण सांगतं तिथं ते लावलंच पाहिजे. लायकमिंग इंजिनच्या सिलिंडर होल्ड-डाउन नटांना आटे ओले करूनच टॉर्क द्यायचा असतो आणि कोणतं मिश्रण ते निर्मात्यानं दिलेलं आहे. तिथं कोरडे आवळले तर क्लिक येतो पण स्टडमध्ये ताण कमी राहतो. इंजिन चालतं, सिलिंडर प्रत्येक फायरिंगला किंचित हलतो आणि स्टड थकून तुटतो. बोल्ट कमी आवळल्यानं तुटतो हे नवीन पोरांना पटत नाही. पण ताण पुरेसा असला की चढउतार होणारा भार बहुतेक जोड झेलतो. ढिल्या जोडात तो सगळा बोल्टवर येतो.

कुपवाडचा_टर्नर

फास्टनरचं काम करतो, विमानाचं नाही, पण हे घर्षणाचं खरं आहे. त्यात भर: नटाखालची जागा. रंगाचा थर, बर (कापताना उरलेली धातूची धार), ओरखडे, वाकडी बसलेली फेस, हे सगळं घर्षण खातं. रंगाचं तर दुप्पट वाईट. आवळताना रंग घट्ट लागतो, नंतर गरम होऊन चेपतो आणि ताण गेला. म्हणून बेअरिंग फेसवर रंग नको.

दुसरं, नट नेहमी वॉशरवर फिरवायचा आणि बोल्टचं डोकं धरून ठेवायचं. डोकं फिरवलं तर शँक (बोल्टचा बिनआट्यांचा दांडा) भोकात घासतो आणि तोही जोर रेंचमध्ये येतो.

मॉड्यूल_सहा

टर्नर दादा, नट फिरवता आलाच नाही तर? काही ठिकाणी अँकर नट, म्हणजे आत पक्का बसवलेला नट असतो, बाहेर फक्त डोकंच मिळतं.

आवळ_जपून

मग डोक्याकडूनच द्यायचा, पण शँकसकट जे काही फिरतंय त्याचा ड्रॅग, म्हणजे मोकळं फिरवायला लागणारा जोर, आधी मोजून तो मिळवायचा. आणि मॅन्युअलात डोक्याकडून टॉर्क देण्यासाठी वेगळा आकडा आहे का ते आधी बघायचं.

आता कराड_रनवे यांचा दुसरा प्रश्न, ड्रॅगचा. इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ४३.१३ ची पद्धत:

नट वॉशरला टेकण्याच्या अगदी जवळ येईपर्यंत फिरवा, पण टेकू देऊ नका. तिथं नट फिरवत ठेवायला किती इंच-पाउंड लागतात ते मोजा. सुटताना सुरुवातीचा झटका येतो तो नाही, फिरत असतानाचा आकडा घ्या. तो तक्त्यातल्या आकड्यात मिळवा. ही बेरीज म्हणजे अंतिम टॉर्क, रेंचवर तो लावायचा.

मोजायला डायल किंवा बीमचा रेंच लागतो. क्लिकचा रेंच ड्रॅग दाखवत नाही, तो फक्त लावलेला आकडा ओलांडला एवढंच सांगतो. आणि मोठ्या रेंजच्या रेंचवर ५-६ इंच-पाउंड वाचू नका; स्केलच्या खालच्या टोकाला आकड्यावर भरवसा नसतो. लहान रेंजचा घ्या.

हाच आकडा नट परत वापरायचा की फेकायचा हेही सांगतो. वापरलेल्या सेल्फ-लॉकिंग नटाला १०-३२ मध्ये किमान २ इंच-पाउंड, १/४-२८ मध्ये ३.५, ५/१६-२४ मध्ये ६.५, ३/८-२४ मध्ये ९.५ ड्रॅग असलाच पाहिजे. बोटांनी शेवटपर्यंत फिरला तर मोजायचीही गरज नाही, सरळ कचऱ्यात.

एक अपवाद. काही निर्मात्यांच्या तक्त्यात ड्रॅग धरूनच आकडा दिलेला असतो आणि तसं तिथं लिहिलेलं असतं. तक्त्याखालच्या टिपा वाचल्याशिवाय बेरीज करू नका. दोनदा मिळवलात तर १०-३२ सारख्या लहान बोल्टला २ इंच-पाउंडसुद्धा जड जातात, कारण तिथं सगळी रेंजच ५ ची आहे.

वाईकर_काका

नायलॉनबद्दल दोन गोष्टी राहिल्या. एक, २५० फॅरनहाइट म्हणजे १२१ सेल्सियसच्या वर नायलॉनचा नट नको. एक्झॉस्टजवळ, इंजिनच्या गरम बाजूला धातूचा लॉकनट. दोन, जिथं बोल्ट किंवा नट फिरण्याची शक्यता आहे, म्हणजे कंट्रोलची कप्पी, बेलक्रँक, तिथं नुसता सेल्फ-लॉकिंग नट चालत नाही. तिथं भोकाचा बोल्ट, कॅसल नट (वर खाचा असलेला) आणि खाच-भोकातून जाणारी कॉटर पिन.

यावरूनच बोल्टच्या नंबरातलं 'ए' लक्षात ठेवा. एएन४-७ए म्हणजे शँकला कॉटरचं भोक नाही. भोकाच्या बोल्टवर नायलॉन नट चढवला तर भोकाची कड नायलॉन कापते. ५/१६ आणि त्याहून मोठ्या बोल्टला, भोकाची कड गुळगुळीत असेल तर, परवानगी आहे. तुमचा १/४ आहे, म्हणून 'ए' च हवा.

मॉड्यूल_सहा

काका, कॅसल नटाचंच विचारायचं होतं. ५० ला आवळला, भोक आणि खाच जुळली नाही. मागे फिरवून जुळवलं तर ५० च्या खाली जातो, पुढे नेलं तर ७० च्या वर. मग?

वाईकर_काका

मागे फिरवायचा नाही, आणि ७० च्या वरही नाही. म्हणून कॅसल नट नेहमी खालच्या आकड्यापासून सुरू करायचा, ५० पासून. ७० पर्यंत कुठं जुळला तर उत्तम. नाही जुळला तर नट काढा आणि वॉशर बदला, किंवा त्याच नंबरचा दुसरा नट घ्या. खाचा प्रत्येक नटात आट्यांच्या सुरुवातीपासून वेगळ्या कोनात कापलेल्या असतात, त्यामुळे नट बदलूनही बऱ्याचदा काम होतं.

कुपवाडचा_टर्नर

याचा हिशोब मजेशीर आहे म्हणून लिहितो. कॅसल नटाला सहा खाचा, म्हणजे दर ६० अंशांनी जुळण्याची संधी. २८ आट्यांच्या बोल्टला एक पूर्ण फेरा ०.०३५७ इंच. ६० अंश म्हणजे ०.००६ इंच. ऐकायला काहीच नाही. पण लहान ग्रिपचा (ग्रिप म्हणजे बोल्टच्या बिनआट्यांच्या भागाची लांबी), स्टीलवर स्टील असा कडक जोड असेल तर सहा थाऊनं (इंचाच्या सहा हजारांशानं) ताण कुठल्या कुठं जातो. म्हणून 'अजून एक खाच' हा प्रकार लांब किंवा मऊ जोडात खपतो, आखूड जोडात नाही.

एएन९६०-४१६ चा वॉशर ०.०६३ इंच, 'एल' चा पातळ ०.०३२. जाड काढून पातळ घातला की नटाला सुमारे ३१२ अंश जास्त फिरावं लागतं. त्यातले ३०० म्हणजे पाच खाचा, उरले १२ अंश. म्हणजे खाच १२ अंशांनीच सरकली. वॉशरच्या टॉलरन्समुळे प्रत्यक्षात कमीजास्त होतं, म्हणून डब्यातले तीन-चार वॉशर मायक्रोमीटरनं मोजून निवडणं बरं.

आवळ_जपून

हिशोब बरोबर. फक्त वॉशर बदलताना ग्रिप बघा. पातळ वॉशर घातल्यावर नट शँकला जाऊन टेकला तर सगळ्यात फसवी चूक होते. नट आट्यांच्या शेवटाला अडतो, रेंच क्लिक देतो, आणि ब्रॅकेट मात्र हातानं हलतं. टॉर्क झाला, जोड आवळलाच नाही. उलट बाजूला ग्रिप आखूड असली तर आटे भोकात जातात आणि शिअरचा भार आट्यांवर येतो. सेल्फ-लॉकिंग नटाबाहेर बोल्टचं गोल किंवा चॅम्फरचं टोक पूर्ण दिसलं पाहिजे. सपाट टोकाचा बोल्ट असेल तर किमान १/३२ इंच.

वॉशर ही छोटी गोष्ट नाही. २० ऑगस्ट २००७ ला नाहा विमानतळावर चायना एअरलाइन्सचं फ्लाइट १२० उतरून थांबल्यावर जळून गेलं. ७३७-८०० च्या स्लॅटच्या (पंखाच्या पुढच्या कडेची सरकती पट्टी) डाउनस्टॉप जोडात वॉशर नव्हता. नट आणि त्याचे भाग निसटले, स्लॅट आत घेताना सुटा बोल्ट इंधन टाकीत घुसला. सगळे प्रवासी वाचले.

मिरज_मेकॅनिक

बरं, तेलाचं पटलं. पण क्लिक आला म्हणजे निदान बोल्ट तरी बरोबर बसलाय एवढं तर नक्की ना?

आवळ_जपून

नाही. १० जून १९९० ची ब्रिटिश एअरवेज फ्लाइट ५३९० ची घटना वाचा. बीएसी वन-इलेव्हनची पुढची काच उड्डाणात निघून गेली, कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले, तरी सगळे जिवंत राहिले. काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट कमी व्यासाचे लावले होते: १०-३२ च्या नटात ८-३२ चे. दोन्हींचा पिच ३२, म्हणून आटे धरल्यासारखे वाटतात. टॉर्क मर्यादेचा स्क्रूड्रायव्हर सुटण्याचा झटका आणि आटा निसटण्याचा झटका हाताला वेगळा कळला नाही. जुना बोल्ट बघून नवा जुळवायचा नाही. पार्ट कॅटलॉगमधून नंबर काढायचा, मग टॉर्क.

कराड_रनवे

सर, आता क्रोफूट. रेंचवर ६० च लावलं तर किती फरक पडतो?

आवळ_जपून

क्रोफूट रेंचच्या रेषेत पुढे लावला की हात लांब होतो. रेंचवर लावायचा आकडा = अंतिम टॉर्क × ल ÷ (ल + ए). 'ल' म्हणजे चौकोनी ड्राइव्हच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचं अंतर, 'ए' म्हणजे ड्राइव्हच्या मध्यापासून क्रोफूटमधल्या नटाच्या मध्यापर्यंत. मुठीवर निर्मात्याची खूण असते, हात तिथंच. हात मागेपुढे झाला की सूत्र बिघडलं.

तुमच्या जोडाचं उदाहरण, समजा: ल १० इंच, ए १.५ इंच, तक्ता ६०, ड्रॅग ८. अंतिम ६८. रेंचवर ६८ × १० ÷ ११.५ = ५९. आणि सूत्र विसरून ६८ लावले तर नटावर ७८ पडतात, ड्रॅग वजा केला तरी ७० च्या वर.

क्रोफूट ९० अंशात आडवा लावला तर दुरुस्ती लागत नाही, रेंचवर ६८ च. तिरका कोन टाळा. सरळ सॉकेट एक्स्टेन्शनला, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षावरच लांबी वाढवली असेल तर, हे सूत्र लावायचं नाही.

मॉड्यूल_सहा

ड्रॅगपण क्रोफूट लावूनच मोजला तर? डायलवर ७ दिसले.

आवळ_जपून

चांगला प्रश्न. मग डायलवरचे ७ हे नटावर ७ × ११.५ ÷ १० म्हणजे ८ आहेत. दोन वाटा: ते ८ धरून ६८ काढा आणि सूत्र लावा, किंवा ६० लाच सूत्र लावून ५२ आणा आणि त्यात डायलवरचे ७ मिळवा. दोन्हीकडून ५९ च येतात. फक्त दोन्ही वेळा तोच क्रोफूट, त्याच रेषेत, आणि ल ची लांबीही तीच पाहिजे.

वाईकर_काका

युनिटांचं कुणी बोललं नाही. गॅरेजचे रेंच किलोग्रॅम-मीटरचे. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ८६.८ इंच-पाउंड. म्हणजे त्या रेंचवरचा सगळ्यात लहान ठळक आकडासुद्धा १/४ इंची बोल्टच्या ७० च्या वर. १ फूट-पाउंड म्हणजे १२ इंच-पाउंड, १ न्यूटन-मीटर म्हणजे ८.८५ इंच-पाउंड. लायकमिंगच्या स्पार्क प्लगला ४२० इंच-पाउंड म्हणजे ३५ फूट-पाउंड. कॉन्टिनेन्टलला ३०० ते ३६०. जॉब कार्डवर आकड्यापुढे युनिट नसेल तर ते कार्ड परत पाठवावं.

पाइपच्या नटांनाही हाच कटाक्ष: १/४ इंची ॲल्युमिनियम ट्यूबच्या बी-नटाला ४० ते ६५ इंच-पाउंड, स्टील ट्यूबच्या त्याच मापाच्या नटाला १३५ ते १५०.

कृष्णाकाठ

लाकडी प्रोपेलरच्या बोल्टचं काय? आपल्याकडे जुलैत हवा भिजलेली आणि एप्रिलमध्ये ओठ फुटतात अशी.

आवळ_जपून

म्हणूनच त्याला वेगळं वेळापत्रक असतं. पावसाळ्यात हब फुगतो आणि बोल्टखाली लाकूड चेपलं जातं. उन्हाळ्यात आकसतो आणि ताण जातो. बोल्टमधला ताण गेला की क्रँकशाफ्टच्या फ्लँजवर हब घासतो, लाकूड काळं पडतं, मग बोल्ट तुटतात. निर्मात्यानं दिलेल्या तासांना आणि ऋतू बदलताना तपासायचं. लॉकवायर काढून, दिलेल्या क्रमानं, समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्यानं. 'ढिला लागतोय, थोडा जास्त देऊ' हे लाकडाला सगळ्यात घातक.

मॉड्यूल_सहा

आधीच आवळलेला बोल्ट तपासायचा तर रेंच लावून क्लिक ऐकला की पुरे ना?

वाईकर_काका

थांबलेला नट हलवायला जास्त जोर लागतो. त्यामुळे नट हलण्याआधीच क्लिक येईल आणि सगळं बरोबर वाटेल. त्यावरून मूळ टॉर्क कळत नाही. शंका असेल तर सोडवून, आटे पुसून, नायलॉन नट असेल तर ड्रॅग पुन्हा मोजून नव्यानं द्या. टॉर्क झाल्यावर नट, वॉशर आणि स्ट्रक्चर यांच्यावरून टॉर्क सीलची (खुणेच्या रंगाची) एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. जुनी रेघ आधी खरवडून काढा, दोन रेघांचा बोल्ट बघून इन्स्पेक्टरला काहीच कळत नाही.

आणि क्लिक आल्यावर परत एकदा 'खात्रीसाठी' ओढायचं नाही. शेवटचा पाव फेरा संथ, एका दमात.

कराड_रनवे

सगळ्यांचे आभार. मग माझं काम असं: मॅन्युअलचा स्टँडर्ड तक्ता शोधायचा, तिथंही ५०-७० असेल आणि टीप नसेल तर मधला ६०, कोरडे आटे, डायल रेंचनं ड्रॅग, ३.५ च्या खाली असेल तर नट बदल, क्रोफूट सरळ लावून ५९. रेंच ३० ते १५० इंच-पाउंडचा आहे. चालेल?

आवळ_जपून

चालेल. ५९ तुमच्या रेंचच्या मधल्या पट्ट्यात येतात. पण ५९ हा याच ड्रॅगचा आणि याच क्रोफूटचा आहे. दुसऱ्या नटाला ड्रॅग पुन्हा मोजा. रेंचवरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर बघा, तारीख उलटली असेल तर तो रेंच भिंतीवरच राहू दे. नोंदीत टॉर्क, ड्रॅग, रेंचचा नंबर आणि कॅलिब्रेशनची मुदत लिहा. ब्रॅकेट कंट्रोल सिस्टिमचं असेल तर स्वतंत्र तपासणीची सही दुसऱ्या माणसाची. काम झाल्यावर रेंच सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, ३० च्या खाली नाही.